आमची वाटचाल : काच, केबल आणि उडणारे आकडे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या वडिलांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान होते. मोटर न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने एकदा मिलिंग मशीनवरचा डीआरओचा (डिजिटल रीडआउट, म्हणजे टेबलाची चाल स्केलने मोजून आकड्यांत दाखवणारी यंत्रणा) डिस्प्ले काढून सोबत आणला आणि ‘आकडे उडतात, जमतंय का बघा’ म्हणून तो वडिलांच्या टेबलावर ठेवला. वडिलांनी पॉवर सप्लायमधले फुगलेले दोन कपॅसिटर बदलले, डिस्प्ले स्वच्छ उजळला आणि गिऱ्हाईक खूश होऊन गेले. मात्र दुसऱ्याच दिवशी ते परत आले, कारण आकडे पूर्वीसारखेच उडत होते. कपॅसिटर खराब होते हे खरे, पण मूळ दोष मशीनवरच राहिलेल्या स्केलमध्ये होता, आणि ते स्केल आम्ही पाहिलेच नव्हते. डीआरओ ही जोडी आहे, तिचा एकच भाग पाहून निदान करू नये, हे आम्हांला त्या फेरीत कळले.

आमच्या भागातील कारखान्यांत एचएमटीची मिलिंग मशीन, किर्लोस्करचे टर्नमास्टर लेथ आणि प्रागाचे सरफेस ग्राइंडर अजूनही काम करतात. त्यांच्या बिडाच्या बॉडीला काही होत नाही. झिजतात ते स्क्रू आणि नट. हँडलवरची डायल स्क्रू किती फिरला एवढेच सांगते, त्यामुळे बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधली ढिलाई, वाढला की डायल आणि टेबल यांचे पटेनासे होते. डीआरओचे स्केल थेट टेबलाची चाल मोजते, म्हणून झिजलेल्या मशीनवरही चांगला कारागीर मापात जॉब काढू शकतो. अशा मशीनचा डीआरओ बंद पडला की मालकाचे काम अडते, आणि ‘हे मॉडेल आता येत नाही’ एवढेच उत्तर मिळाल्यावर तो आमच्याकडे येतो.

बहुतेक स्केलमध्ये काचेच्या पट्टीवर २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतराने रेषा असतात. पट्टीवरून सरकत रेषा वाचणाऱ्या हेडमधला प्रकाश त्या रेषांतून जातो आणि एकमेकांपासून ९० अंश सरकलेले दोन संकेत तयार होतात; कोणता संकेत पुढे आहे यावरून दिशा कळते आणि दोन्हींच्या चढउतारांवरून एका अंतराचे चार भाग पडतात, म्हणजे ५ मायक्रॉनपर्यंत वाचता येते. तत्त्व एवढे सोपे असल्यामुळे कोणतेही स्केल कोणत्याही डिस्प्लेला चालेल असे सुरुवातीला आम्हांलाही वाटले होते. त्या समजुतीपायी एका गिऱ्हाइकाचे धड असलेले हेड आम्ही जाळले. स्केलचा आणि डिस्प्लेचा प्लग दोन्हीकडे नऊ पिनचा होता, तो नीट बसलाही. परंतु एकाच्या ज्या पिनवर ५ व्होल्टचा सप्लाय होता, तीच पिन दुसऱ्याकडे संकेताची होती. ते हेड आम्ही पदरमोड करून भरून दिले. तेव्हापासून दुकानात एक वही आहे. हातात आलेल्या प्रत्येक स्केलची आणि डिस्प्लेची पिनजोडणी, तारांचे रंग आणि मोजलेले व्होल्टेज तिच्यात उतरवल्याशिवाय आम्ही प्लग लावत नाही. आता अशा चार वह्या झाल्या आहेत, आणि आमच्या दुकानातील खरी किमती वस्तू कोणती असे कोणी विचारले तर आम्ही ऑसिलोस्कोपआधी (संकेताची लाट पडद्यावर दाखवणारे उपकरण) त्यांच्याकडे बोट दाखवू.

पिना जुळल्या तरी संकेताची जात जुळावी लागते. काही स्केल ५ व्होल्टचे चौकोनी पल्स देतात, काही १ व्होल्टची साइन लाट देतात, आणि हायडेनहाइन कंपनीची जुनी स्केल अवघ्या ११ मायक्रोअँपिअरचा साइन प्रवाह देतात. तो इतका क्षीण असतो की प्लगमध्ये थोडा ओलावा शिरला तरी वाचन बिघडते. साइन देणारे स्केल पल्स मागणाऱ्या डिस्प्लेला जोडायचे असेल तर मध्ये साइन लाटेचे पल्स करणारा इंटरपोलेशन बॉक्स बसवावा लागतो. सोनी मॅग्नेस्केलच्या पट्टीत काचच नसते, तिथे चुंबकीय खुणा असतात. तो व्यवसाय २०१० मध्ये मोरी सेकी या मशीन बनवणाऱ्या कंपनीने घेतला, पण आमच्याकडे येणाऱ्या जुन्या पट्ट्यांवर अजून सोनीचेच नाव दिसते. न्यूऑल कंपनीच्या स्फेरोसिन पट्टीमध्ये नळीत एकापुढे एक पोलादी गोळ्या भरलेल्या असतात. तिला कूलंटचे (कापताना थंडाव्यासाठी सोडलेल्या द्रवाचे) भय नाही, मात्र तिचे जुने हेड दुसऱ्या डिस्प्लेशी बोलत नाही, म्हणून तिथे आम्ही जोडी मोडण्याच्या फंदात पडत नाही.

सगळे जुळल्यावरही एक फसगत उरते, ती रिझोल्यूशनची, म्हणजे एका पल्सला किती माप धरायचे याची. ५ मायक्रॉनच्या स्केलला डिस्प्लेमध्ये १ मायक्रॉनची सेटिंग राहिली तर टेबल १०० मिलिमीटर सरकूनही आकडा २० दाखवतो. ही चूक ठळक असल्याने लगेच सापडते. खरा त्रास होतो तो शंभर मिलिमीटरला दोन-तीन शतांशांचा फरक पडतो तेव्हा, कारण त्यात स्केल प्रवासाला समांतर नसणे, हेड सैल असणे आणि मशीनच्या स्लाइडचीच झीज असणे ही तिन्ही कारणे एकसारखीच दिसतात. म्हणून आम्ही स्लिप गेज (अचूक मापाचे ठोकळे) आणि डायल लावून आधी मशीन तपासतो. डिस्प्लेत भरपाईचा आकडा घालून मशीनचा दोष झाकण्याला आमचा विरोध आहे, आणि त्यावरून काही गिऱ्हाइके नाराजही झाली आहेत.

निदानाची पहिली पायरी मात्र फुकट आहे : एक्स अक्षाच्या स्केलचा प्लग डिस्प्लेवर वाय अक्षाच्या जागी लावावा. दोष प्लगबरोबर गेला तर स्केल किंवा केबल खराब, आणि जागेवरच राहिला तर डिस्प्ले खराब. आमच्या अनुभवात दोष बहुधा केबलमध्ये निघतो, तोही हेडजवळ, जिथे चिलखती नळी रोज वाकते. साइन देणाऱ्या स्केलचे दोन्ही संकेत ऑसिलोस्कोपवर एकमेकांसमोर लावले की वर्तुळ उमटते. हेड हळूहळू सरकवताना ज्या जागी ते वर्तुळ आक्रसते तिथे काचेवर घाण असते, असे समजून आम्ही ती जागा खुणावतो. फाउंड्रीच्या गावात ही घाण वेगळीच असते. बिडाची बारीक धूळ आणि कूलंट यांचा काळा चिखल स्केलची फट झाकणाऱ्या रबरी ओठांतून आत शिरतो. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, परंतु कडक झालेले ओठ बदलले नाहीत तर तेच स्केल पुन्हा दुकानात येते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेकाठचीच नव्हे, तर कृष्णेकाठच्या सांगलीचीही स्केल आमच्याकडे आली, गाळाने भरलेली. काचेवरच्या क्रोमच्या रेषांना पाण्याने काही झाले नव्हते. शुद्ध पाण्याने धुऊन, अल्कोहोलने पुसून, सावलीत वाळवल्यावर बऱ्याच काचा पूर्वीसारख्या वाचू लागल्या. हेडमधली पीसीबी (इलेक्ट्रॉनिक भागांची पट्टी) वाचली ती फक्त ज्यांनी वीज दिली नव्हती त्यांची. ‘चालतो का बघू’ म्हणून ओल्यातच स्विच दाबणाऱ्यांना आम्हांला जड मनाने नवे हेड सुचवावे लागले. त्या मानाने खंडेनवमीनंतरचे काम हलके असते : पूजेच्या नारळाचे पाणी आणि हळदकुंकू कीपॅडमध्ये गेलेले एखाद-दोन डिस्प्ले दरवर्षी हमखास येतात.

हल्ली नवा चिनी डिस्प्ले आणि स्केलचा संच स्वस्तात मिळतो, आणि जुने हेड मिळतच नसेल तर आम्ही स्वतःच तो बसवून देतो. मात्र काच शाबूत असून बिघाड केबलचा असेल, तर आम्ही दुरुस्तीच सुचवतो. लांब काचेचे स्केल काढून नवे बसवताना कंसांची (ब्रॅकेटची) समांतरता पुन्हा लावण्यात अर्धा दिवस मोडतो, आणि तो हिशेब संचाच्या किमतीत दिसत नाही.

लांबून माल पाठवणाऱ्यांना आमची विनंती एवढीच की डिस्प्ले आणि स्केल दोन्ही पाठवावीत, स्केल काढण्यापूर्वी हेड त्याच्या मूळ कंसाने बांधून ठेवावे, आणि मशीनमधून ओढून काढता येत नाही म्हणून केबल कापू नये. कापलेल्या टोकाकडचे रंग जुळवण्यात जो वेळ जातो, तो आम्ही बिलात लावत नाही, पण वहीत मात्र लिहून ठेवतो.