वॉचमेन: नायकांपेक्षा नाक्याची गोष्ट

ॲलन मूर यांचे लेखन, डेव्ह गिबन्स यांची चित्रे आणि जॉन हिगिन्स यांचे रंग असलेले ‘वॉचमेन’ हे कॉमिक १९८६-८७ मध्ये बारा अंकांत प्रसिद्ध झाले. पहिल्या वाचनात रॉर्शाक हा मुखवटेधारी वीर आणि अतिमानवी शक्तीचा डॉक्टर मॅनहॅटन यांनीच माझे सगळे लक्ष वेधून घेतले होते. या वेळी मात्र मी न्यूयॉर्कमधल्या त्या नाक्यावर रेंगाळलो, जिथे एक वर्तमानपत्र विक्रेता गिऱ्हाइकांना अणुयुद्धाचे भाकीत ऐकवत असतो आणि शेजारी बसलेला एक मुलगा पैसे न देता चाच्यांचे कॉमिक वाचत असतो. ज्या जगात खरेच मुखवटेधारी वीर होऊन गेले, तिथल्या लोकांना कॉमिकमध्ये ते कशाला हवेत, हा मूर यांचा तर्क मला फार आवडतो.

या नाक्यावर मानसोपचारतज्ज्ञ, टॅक्सी चालवणारी जोई, दोन पोलीस अधिकारी अशी माणसे अंकामागून अंक येत-जात राहतात. (शेवट सांगतो आहे, पण इतक्या जुन्या पुस्तकाबाबत तेवढी मुभा असावी.) अकराव्या अंकात अंटार्क्टिकात बसलेला एड्रियन वाइट हा माजी मुखवटेधारी वीर जग वाचवण्यासाठी लाखो माणसे मारण्याची आपली योजना अत्यंत सुसंस्कृतपणे समजावून सांगत असताना, इकडे नाक्यावर जोई आपल्या मैत्रिणीला मारहाण करते आणि हीच माणसे ती थांबवायला धावतात, मानसोपचारतज्ज्ञ तर त्याची बायको त्याला सोडून जाण्याची धमकी देत असतानाही मध्ये पडतो. त्याच क्षणी वाइटची योजना शहरावर कोसळते, पांढरा प्रकाश पसरतो आणि विक्रेता त्या मुलाला कवेत घेतो. वाइटच्या हिशेबाला याहून नेमके उत्तर पुस्तकात कोणीही देत नाही.

गिबन्स यांनी बहुतेक पाने नऊ चौकटींच्या शिस्तीत बसवली आहेत, म्हणूनच बाराव्या अंकाच्या आरंभी सलग सहा पूर्ण पानांवर पसरलेली प्रेते पाहताना श्वास अडकतो. त्यामानाने आरशातल्या प्रतिबिंबासारखा रचलेला पाचवा अंक आता मला कौशल्याचे प्रदर्शन वाटला. सॅली ज्युपिटर या जुन्या मुखवटेधारी नायिकेने आपल्यावर अत्याचार करणाऱ्या ‘कॉमेडियन’ नावाच्या सहकारी वीराविषयी बाळगलेला जिव्हाळा तर आजही पटत नाही.

२००९ च्या चित्रपटाने अनेक चौकटी जशाच्या तशा उचलल्या, परंतु चित्रपटगृहांत दाखवलेल्या आवृत्तीत चाच्यांची गोष्ट नव्हती आणि नाक्यावरची माणसे नावापुरतीच उरली होती. त्यामुळे पडद्यावर शहर उद्ध्वस्त होते, पण त्यात आपल्या ओळखीचे कोणी मरत नाही.