ओळंबा आणि दोर

एप्रिल सरत आला की आमचा फोन सकाळी सातच्या आत वाजायला लागतो. पलीकडचं वाक्य ठरलेलं असतं, "वहिनी, घरावर आलेला आंबा पावसाआधी पाडून द्या." जानेवारीतही तो आंबा घरावर आलेलाच होता. पण वळीव येतो, रात्री एखादी फांदी पत्र्यावर आदळते, आणि मग साखळीपासून म्हापशापर्यंत सगळ्यांना आम्ही एकाच आठवड्यात हवे असतो.

आम्ही गोव्यातल्या मयेचे. झाडं उतरवणं, छाटणं, कलंडलेली सोडवणं हा आमचा धंदा. हे आणि धाकटे भावोजी वर चढतात, हाताखाली दोन पोरगे आहेत, आणि बाकीचं सगळं माझ्याकडे. फोन घ्यायचे, झाड बघून यायचं, दर सांगायचा, परवानगीचे कागद करायचे, मशीनचं पेट्रोल-तेल मोजून मिसळायचं. आणि काम चालू असताना खाली दोर धरायचा.

सासरे पाडेली होते. उमेदीच्या काळात दिवसाला तीस-तीस माड चढून नारळ पाडायचे. छातीला माडाचे घट्टे पडलेले. मुलाने हे करू नये म्हणून त्यांनी यांना ट्रकावर घातलं. तेव्हा आमच्या डिचोली तालुक्यात खाणीवर ट्रक असणं म्हणजे घर उभं राहणं होतं. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि आमचा ट्रक अंगणात उभा राहिला. हप्ते मात्र थांबले नाहीत. पुढच्या पावसात शेजाऱ्यांचा फणस गोठ्यावर कलला. सासऱ्यांनी यांच्या कमरेला दोर बांधून वर चढवलं आणि स्वतः खाली उभं राहून एकेक फांदी सांगत उतरवून घेतली. गोठ्याचं एक कौलही फुटलं नाही. त्यानंतर ट्रक विकून कर्ज भागवलं आणि उरलेल्या पैशांत पहिली कटर मशीन आली. सासरे आज नाहीत, पण खालून सांगण्याची त्यांची जागा माझ्याकडे आली आहे, आणि मला ती मोलाची वाटते.

झाड बघायला गेले की लोक मला वर दाखवतात. ही फांदी, तो शेंडा. मी आधी बुंध्याशी बसते. माती एका बाजूने उचलली आहे का, भेग गेली आहे का, खोडाच्या तळाला फळीसारखी कडक अळंबी आली आहे का. ती दिसली की मुळं किंवा बुंध्याचा गाभा आतून कुजतोय असं समजायचं, वर पालवी कितीही हिरवी असो. मग लाकडी हातोडीने खोड ठोकत फिरायचं. भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळीचा आवाज वेगळा, हे कानाला सवयीने कळतं. माडाला तर सासरे कान लावायचे. लाल सोंड्या भुंग्याच्या अळ्या आत खात असल्या की कुरतडल्याचा आवाज येतो, भोकातून तपकिरी रस गळतो, आंबूस वास येतो. असा माड बाहेरून उभा दिसतो आणि चढणाऱ्याला घेऊन मोडतो. त्या माडावर सासरे कधी चढले नाहीत, यांनाही मी चढू देत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मी घरमालकाला विचारते, "गेल्या चार-पाच वर्षांत इथे काही खणलंत का?"

बहुतेकांना वाटतं, झाड जेवढं वर तेवढंच खाली. तसं नसतं. झाडाची बरीचशी मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे पसरतात. आमच्याकडे तर खाली जांभा. चिऱ्याचा थर लागला की मूळ आडवं पळतं. म्हणजे बुंध्यापासून चार फुटांवर जेसीबीने चर मारला की त्या बाजूची मुळं गेलीच.

साखळीजवळचा एक फणस मी विसरत नाही. कंपाउंडच्या भिंतीसाठी पाया खणला होता, झाडाच्या पश्चिमेला. पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची मुळं झाडाला मागून ताणून धरतात, तंबूचे दोर धरतात तसे. तेच दोर कापले. भिंत सुंदर झाली, रंग लागला. दोन पावसाळे फणस तसाच उभा राहिला आणि तिसऱ्या जूनमध्ये घराकडे कलायला लागला. मालकांनी मला फोन केला तो वाऱ्याला दोष देत. मी त्यांना भिंतीच्या कडेने नेऊन मातीतून डोकावणारी तुटकी मुळं दाखवली, मनगटाएवढी, काळी पडलेली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तो फणस त्यांच्या आजोबांनी लावलेला. वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आम्ही उतरवला. खणण्याआधी त्यांनी मला बोलावलं असतं तर मी पाया सहा फूट पलीकडे घ्यायला सांगितलं असतं, आणि त्याचे पैसेही घेतले नसते. हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते. भिंत, सेप्टिक टाकी, गटार, पेव्हर, काहीही करायचं असेल तर आधी झाडाभोवती एक फेरी मारा.

आमच्याही हातून चुका झाल्या आहेत. पहिली तीन-चार वर्षं लोक सांगतील तसे आम्ही शेंडे मारायचो. "वरून अर्धं उडवा" म्हणाले की उडवायचो. फोंड्याला एक गुलमोहर असाच मुंडका करून आलो. झाडाने पुढच्या वर्षी झुडपासारखे धुमारे काढले. मालक खूश, आम्हीही खूश. पण असे धुमारे लाकडाच्या गाभ्यातून येत नाहीत, सालीखालून फुटतात, वरवर चिकटलेले असतात. भराभर वाढून जड होतात. पाचव्या वर्षी त्यातले दोन एका स्कूटरवर पडले. माणूस नुकताच उतरून आत गेला होता. मी त्या जागी उभी राहिले तेव्हा माझे पाय कापत होते. त्यानंतर आम्ही शेंडा मारायचं काम घेत नाही. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं, जाऊ दे.

फांदी कापायची रीत तशी सोपी, पण घाई करणाऱ्याला जमत नाही. आधी खोडापासून हातभर लांब, खालच्या बाजूने थोडा काप द्यायचा. मग त्याच्या जरा पुढे वरून कापायचं. फांदी पडते तेव्हा साल खोडापर्यंत सोलत जात नाही, खालच्या कापाशी थांबते. शेवटी उरलेला खुंट काढायचा, तोही खोडाला घासून नाही. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं असतं, ते राखून. त्या कड्यातूनच झाड जखम मिटवत आणतं. खुंट ठेवला तर कुजतो, कडं कापलं तर जखम मिटत नाही. वर डांबर किंवा रंग फासू नका. लोक प्रेमाने फासतात, पण त्याने ओल आत अडकते.

माणसाचं वजन सगळ्यांना कळतं, लाकडाचं कळत नाही. दोन फूट जाड आणि पाच फूट लांब ओला आंब्याचा ओंडका चारशे किलोच्या घरात जातो. तो घराच्या वरून सोडायचा तर दोर हातात धरून चालत नाही. बुंध्याला दोन-तीन फेरे मारायचे, म्हणजे घर्षण वजन पेलतं आणि हाताने नुसतं सोडत राहायचं. वरून हे "सोड" म्हणतात, मी सोडते. "धर" म्हणाले की धरते. मशीनच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत म्हणून खुणा ठरलेल्या आहेत.

२०१७ च्या मे महिन्यात एका कामावर मी दोर पोरग्याच्या हाती दिला आणि बाजूला होऊन फोन घेतला. पुढच्या कामाचा फोन होता, दर ठरत होता. पोरग्याने एकच फेरा मारला. ओंडका सुटला, झुलत आला आणि भावोजींचा हात त्याच्या आणि खोडाच्या मध्ये सापडला. मनगटाची दोन हाडं मोडली. भावोजी चार महिने घरी होते आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. जाऊबाईही बोलल्या नाहीत. ते न बोलणं मी अजून विसरले नाही. तेव्हापासून काम चालू झालं की माझा फोन जीपमध्ये राहतो. कुणी म्हणतं, वहिनी फोन उचलत नाहीत. उचलणार नाही. झाड जमिनीवर आलं की मीच लावते.

कागदांचं काम लोकांना कटकट वाटतं. गोव्यात १९८४ पासून झाडांच्या रक्षणाचा कायदा आहे. खाजगी जागेतलं झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पाडता येत नाही, आणि पाडलं तर त्याच्या बदली लावायचं असतं. अर्जाला जमिनीचा एक-चौदाचा उतारा लागतो, आणि आमच्याकडे उताऱ्यावर पणजोबांपासूनची नावं असतात. एक भाऊ मुंबईला, एक पोर्तुगालला, सह्या गोळा करण्यातच महिना जातो. २०१६ साली माडाला या कायद्यातून वगळलं होतं. त्या वर्षी माडांसाठी जे फोन आले ते मला आवडले नाहीत. चांगले फळते माड, नुसते प्लॉट मोकळा हवा म्हणून. मी सासऱ्यांच्या फोटोसमोर उभी राहून ठरवलं होतं की फळता माड आम्ही पाडायचा नाही, कायदा काहीही म्हणो. पुढच्याच वर्षी माड परत कायद्यात आला.

मंजुरी हातात असली तरी जुन्या भाटात, म्हणजे बागायतीत, मशीन लगेच चालू करत नाहीत. तिथला राखणदार असतो, जागेची राखण करणारा देव. घरातलं कर्तं माणूस नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतं, कुठे देवचाराला रोट आणि विडी ठेवतात. हे टोपी काढून उभे राहतात, पोरगेही. मला त्या पाच मिनिटांचा फायदा दिसतो. सगळ्यांचे श्वास खाली बसतात आणि मग जो तो आपल्या जागेवर नीट जातो.

तौक्ते चक्रीवादळ आलं तो १६ मे २०२१ चा रविवार. करोनाची संचारबंदी होती, रस्ते मोकळे, आणि त्या मोकळ्या रस्त्यांवर झाडंच झाडं. वीज गेलेली. अग्निशमन दलाचे जवान रात्रंदिवस राबत होते, आम्ही आमच्या गावापासून सुरुवात केली. पैशांचं कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. त्या दिवसांत मी पडलेल्या झाडांची मुळं बघत फिरले. एका बाजूला गटार, रस्ता किंवा भिंत असलेली झाडं इतकी होती की मला ते बघवेना. पडलेलं जळाऊ लाकूड बरंचसं पोदेरांच्या, म्हणजे पाववाल्यांच्या, भट्टीला गेलं.

या वर्षी मार्चमध्ये नार्व्याहून एका मावशींचा फोन होता. त्यांचा मानकुराद आंबा, घरापेक्षा जुना, एका जाड फांदीत ढोली, आणि ती फांदी माजघरावर. मुलगा पर्वरीला राहतो, त्याचं म्हणणं पूर्ण झाडच काढा. मी बुंध्याशी बसले, माती बघितली, हातोडी फिरवली. खोड भरीव होतं. फांदीतली ढोली बघायला हे वर चढले आणि मध्येच थांबून मला खूण केली. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं, मध्ये बोटभर फट. थोड्या वेळाने नर आला, राखी धनेश, चोचीत फळ घेऊन, आणि फटीतून आतल्या चोचीत भरवून गेला. मादी स्वतःला आत कोंडून घेते आणि पिल्लू बरंच मोठं होईपर्यंत आतच असते. नर आला नाही तर दोघंही उपाशी.

मावशींना मी सांगितलं, मेच्या मध्यापर्यंत या फांदीला हात लावणार नाही. तोवर माजघरात कुणी झोपू नका. मुलगा फोनवर चिडला. मावशी म्हणाल्या, "ती बाळंतीण आहे रे, राहू दे." त्यांनी स्वतःचं अंथरूण पुढच्या खोलीत आणलं. आम्ही फांदीला वरच्या जोडापासून एक आधाराचा दोर तेवढा घालून आलो.

२० मेला मावशींनीच कळवलं, लिंपण फुटलंय, पिल्लू समोरच्या माडावर बसलंय. दोन दिवसांनी आम्ही गेलो. फांदी मुळापासून काढली नाही, टोकाकडचा भार कमी केला, ढोली राहू दिली. बांडगूळ भरपूर होतं, तेही उतरवलं. मग मी वरच्या फाट्यावरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला आणि तो जमिनीला टेकला तिथे चिऱ्यात खिळा ठोकून तांबडा रंग लावला. पावसानंतर परत सोडायचा, झाड हललं असेल तर तिथे कळतं.

गणेश चवथीनंतर जाऊन आले. ओळंबा खिळ्यावरच आला. मावशींचं अंथरूण माजघरात परत गेलं होतं.