आमची वाटचाल: कडी-कोयंड्यापासून गोल नॉबपर्यंत

आमचं दुकान रत्नागिरीत. वडिलांनी सुरू केलं तेव्हा माल म्हणजे खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, कुलपं आणि रंगाचे डबे. कपाटाची मूठ वेगळी निवडून विकत घ्यायची असते, हे तेव्हा फारसं कुणाच्या डोक्यात नसायचं. सुतार उरल्यासुरल्या सागाची किंवा फणसाची मूठ करून बसवी, नाहीतर ॲल्युमिनियमचं हँडल ठोकून मोकळा होई. पुढे घराघरांत किचन ट्रॉल्या आल्या, फळ्यांच्या जागी प्लाय आणि सनमायका आला, आणि माणसं विचारू लागली, "ह्याला शोभेलसा नॉब आहे का?" आम्ही नॉब ठेवायला लागलो ते तेव्हापासून.

आमच्याकडे नॉब विकायचा तर आधी खाऱ्या हवेचा विचार करावा लागतो. सुरुवातीला सगळीकडे चालायचे तेच क्रोम चढवलेले झिंकचे नॉब आम्ही आणले. दिसायला आरशासारखे, किमतीला हलके. पण मांडवी, भाट्ये भागातल्या घरांत एक-दोन पावसाळ्यांत त्यांवर काळे ठिपके पडायचे, मग क्रोमचा पापुद्रा सुटायचा आणि खालून पांढरी भुकटी निघायची. मुलामा कुठे बारीकसा जरी फुटला तरी खारट ओल आत शिरते आणि झिंक खायला लागते. माल पुरवणाऱ्याने "पुसायची पद्धत चुकली" म्हणून हात वर केले. वडिलांनी मात्र एकेका घरी जाऊन ते नॉब बदलून दिले, आणि पुरवठादारही बदलला.

आज किनाऱ्यालगतच्या घराला आम्ही 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील सुचवतो, आणि खिडकीतून थेट समुद्र दिसत असेल तर 316, म्हणजे खाऱ्या हवेत त्याहून जास्त टिकणारी ग्रेड. चुंबक लावून ग्रेड कळते असं बरेच जण समजतात, पण 202 या स्वस्त ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून आम्ही ग्रेड बिलावर लिहून देतो. पितळ हवं असेल तर जामनगरचं भरीव पितळ. ते काळवंडतं, पण सडत नाही. चिंच-मिठाने घासलं की पुन्हा उजळतं. मात्र लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक लेप) मारलेल्या पितळेला चिंच लावू नये, लॅकर जागोजागी उडून नॉब चट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचे चिनी मातीचे रंगीत नॉब देवघराच्या ड्रॉवरला, मुलांच्या कपाटाला फार गोड दिसतात. त्यांच्या मागे फायबरचा वायसर टाकायला आणि स्क्रू बेताने आवळायला आम्ही मिस्त्रींना आवर्जून सांगतो, नाहीतर माती तडकते.

आमच्या दुकानाचं नाव झालं ते भिंतीवरच्या एका फळीमुळे. तिच्यावर खरीखुरी शटरं (कपाटाची दारं) आणि ट्रॉल्या बसवल्यात, प्रत्येकावर वेगळा नॉब. ट्रॉल्यांत डाळ-तांदळाचे डबे भरलेत आणि शेजारी बेसिन आहे. आम्ही म्हणतो, "वहिनी, हात ओला करा, साबण लावा आणि ओढून बघा." कॅटलॉगमध्ये सुंदर दिसणारा चेंडूसारखा गुळगुळीत नॉब ओल्या हातातून सटकतो. वरचं डोकं रुंद, मान बारीक आणि मागे बोटाची पेरं मावतील इतकी जागा असली, की दोन बोटांतसुद्धा तो पकडता येतो. एका आजींची बोटं संधिवाताने वाकली होती. सुनेने पसंत केलेला 25 मिलिमीटरचा नॉब त्यांना ओढवेना. 38 मिलिमीटरचा, कडेला खाच असलेला नॉब त्यांनी पहिल्याच फटक्यात ओढला. सुनेने तोच घेतला. स्वयंपाकघराला साधारण 32 मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आणि भांड्यांच्या रुंद, जड ट्रॉलीला गोल नॉब लावूच नये. तिथे हँडलच हवं, मग आमचा नॉब खपला नाही तरी चालेल. वरच्या कपाटांना मात्र नॉबसारखं काही नाही. पदर, ओढणी अडकत नाही आणि धूळ-तेल पुसायला सोपं जातं.

स्क्रूचं काम दिसायला किरकोळ, पण सगळ्यात जास्त खोळंबा त्यानेच होतो. नॉबसोबत येणारा 25 मिलिमीटरचा स्क्रू 18 मिलिमीटरच्या शटरला पुरतो. ड्रॉवरला मात्र आतली फळी आणि दर्शनी फळी अशा दोन जाड्या येतात, तिथे 40 ते 45 मिलिमीटरचा लागतो. म्हणून किती ड्रॉवर आहेत हे विचारून तेवढे लांब स्क्रू आम्ही पाकिटात आधीच टाकतो. भोक पाडताना मागे टाकाऊ लाकडाचा तुकडा दाबून धरला तर सनमायक्याच्या कपच्या उडत नाहीत.

सावंतवाडीच्या लाखकामाचा मला लहानपणापासून ओढा. तिथल्या कारागिरांकडून लाकडी नॉब कातून, लाखेचा रंग चढवून घ्यायला लागलो तेव्हा धंद्यातल्या लोकांनी खुळ्यात काढलं. आज मुंबई-पुण्याहून गावचं घर दुरुस्त करायला येणारी मंडळी तेच मागतात. लाख उष्णतेने मऊ पडते, म्हणून ते शेगडीजवळ लावायला मी देत नाही. फडताळ, कपडे-पुस्तकांचं कपाट इथे ते वर्षानुवर्षं टिकतात.

जुलै 2021च्या महापुरानंतर चिपळूणहून लोक आले ते पिशव्यांत नॉब घेऊन. प्लाय फुगून गेलेला, शटरं टाकून दिलेली, पण स्टीलचे आणि भरीव पितळेचे नॉब त्यांनी काढून ठेवले होते. आम्ही ते धुतले, पॉलिश केले, गंजलेले स्क्रू बदलून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. त्यातल्या बऱ्याच घरांनी नवं स्वयंपाकघर केलं तेव्हा जुन्याच नॉबच्या मापाने शटरांना भोकं पाडून घेतली. आता चिपळूणहून मागणी इतकी येते की आठवड्यातून एकदा आमची गाडी तिकडे जाते. गाडीत नमुन्याची एक छोटी फळीही असते. फक्त हात ओला करायला पाणी तुम्ही द्यायचं, आणि घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला हाक मारायची.