बापाच्या जातीचा नर पोरीला नाही

डुकरं पाळतो म्हटलं की लोक आधी वासाचं विचारतात आणि मग पैशाचं. कोण कोणाचं कोण लागतं, हे आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही. आमच्या शेडवर मात्र सगळ्यात जास्त वाद त्यावरूनच होतात.

पिगरी दादाची. उरुळी कांचनच्या पुढे, सोलापूर रोडपासून आत. दहा-बारा माद्या, दोन नर, बाकी विक्रीची पिल्लं. मी आठवडाभर हडपसरला एका ऑफिसात लोकांचे हिशेब लिहिते आणि रविवारी इथे येऊन डुकरांची सोयरीक लिहिते. वहिनी मला ‘वधूवर सूचक मंडळ’ म्हणते. नावं ठेवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

नवीन पिगरी टाकणारा माणूस बहुधा ‘दहा अधिक एक’ घेतो. दहा माद्या, एक नर. राष्ट्रीय पशुधन अभियानातही हेच प्रमाण आहे, फक्त मोठ्या आकड्यात: १०० माद्यांना १० नर. प्रमाणात खोट काही नाही, एक नर दहा माद्यांना आरामात पुरतो. पण शंभराला दहा आणि दहाला एक हे कामाला सारखं असलं तरी रक्ताला सारखं नाही. दहा नर असले तर पोरीला बाप सोडून नऊ स्थळं उरतात. एकच असला तर तिच्या वाट्याला बापच. त्यातून ही अकरा जनावरं बऱ्याचदा एकाच फार्मवरून, एकाच टेम्पोत भरून आलेली असतात. त्यांत सख्खी किती, एका बापाची किती, हे विकणाराही सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही.

हिशेबाची माणूस असल्यामुळे मला यातलं सूत्र फार आवडलं. नरांच्या संख्येला आठने गुणायचं आणि त्या आकड्याने एकाला भागायचं. माद्यांचंही तसंच. दोन्ही उत्तरांची बेरीज म्हणजे बाहेरचं जनावर न येणाऱ्या बंद कळपात दर पिढीला अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या नात्यात जुळणी, किती वाढतं तो आकडा. एक नर आणि दहा माद्या असतील तर पावणेचौदा टक्के. आता माद्या वीस करा. आकडा तेराच्या खाली यायला तयार नाही. त्याऐवजी माद्या दहाच ठेवून नर दोन केले, तर थेट साडेसातवर येतो. माद्या कितीही वाढवा, अडतं ते नरापाशी. दादाला हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा कुठे दुसऱ्या नराच्या खाद्याचा खर्च मंजूर झाला.

शेजारच्या वस्तीवरचे एक काका एकदा म्हणाले, “ताई, आपल्यात मामाची पोरगी करतात की. काय होतंय त्याला?” सवाल चोख होता, म्हणून उत्तरही आकड्यात दिलं. आते-मामे भावंडांच्या पोटी जन्मणाऱ्या लेकराचा हा आकडा सव्वासहा टक्के. बाप एक, आई वेगळी अशा भावंडांच्या पिल्लांचा साडेबारा. आणि बाप-लेक किंवा सख्खी भावंडं असली तर पंचवीस, म्हणजे मामाच्या पोरीच्या चौपट. शिवाय मामाच्या पोरीशी लग्न झालं तरी पुढच्या पिढीत सून बाहेरून येऊ शकते. काकांच्या शेडवर दर वर्षी तोच नर. काका हसले, पण त्यांनी नर काही बदलला नाही. “अजून चालतोय की” म्हणाले.

तो चालतोय, हे खरंच. बिघाड एका वेतात दिसत नाही म्हणून तर पंचाईत. दहाची नऊ पिल्लं होतात, मग आठ. जन्मताना बारीक, सडाला लागताना मागे पडणारी. माद्या उलटायला लागतात, म्हणजे गाभण न राहता एकवीस दिवसांनी पुन्हा माज. आणि मग दडून बसलेले दोष वर येतात: बेंबीपाशी किंवा अंडाच्या पिशवीत हर्निया, एक अंड पोटातच राहिलेला नर, कधी गुदद्वारच नसलेलं पिल्लू. असे काही दोष आईबापांत झाकलेले असतात आणि दोन्हीकडून एकत्र आले की पिल्लात उघडे पडतात. नात्यातली जोडी लावली की ते एकत्र येण्याची शक्यता वाढते, एवढंच. एका हर्नियावरून काही सिद्ध होत नाही. मात्र वहीत त्याच नराच्या नावापुढे तिसऱ्यांदा हर्निया लिहायची वेळ आली, तर त्याला गाडी दाखवायची.

सगळं खापर रक्तावर फोडणंही बरोबर नाही. पुण्याकडचा एप्रिल-मे नराला मानवत नाही. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, आणि वीर्य तयार व्हायला साधारण दीड महिना लागतो. त्यामुळे मेच्या उन्हाचा फटका जूनच्या भरवणीला बसतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भरवलेली मादी ११४ दिवसांनी, म्हणजे ऑक्टोबरच्या तोंडावर विते आणि पिल्लं कमी देते. तोवर उन्हाळा सगळे विसरलेले असतात. ओळखायचं कसं? उन्हाचा फटका त्या हंगामातल्या बऱ्याच वेतांत दिसतो, नात्यातल्या माद्यांनाही आणि परक्यांनाही. नात्याचा फटका ठराविक जोड्यांना, बारा महिने. वही नसेल तर दोन्ही सारखेच दिसतात.

आता या धंद्यातला मोठा मोह. आमच्या माद्या यॉर्कशायर आणि लँड्रेस या दोन विलायती जातींच्या मिश्र रक्ताच्या आहेत. पिल्लं घ्यायला येणारा व्यापारी हटकून एखाद्या गोऱ्यापान, लांबलचक नर पिल्लाकडे बोट दाखवतो. “दादा, ह्याला खच्ची करू नका. ह्याचाच नर करा. असा विकत आणाल तर किती पडेल!” पिल्लू खरोखरच देखणं असतं. पण त्याचा बराचसा जोर आईबापांच्या जाती वेगळ्या असल्यामुळे आलेला असतो आणि तो जसाच्या तसा पुढे जात नाही. यॉर्कशायर-लँड्रेसच्या पहिल्या संकराला हा जोर पूर्ण मिळतो. तसाच संकरित नर तशाच संकरित मादीला लावला, तर पिल्लांत तो निम्मा उरतो. त्यात मादी त्या नराची सख्खी बहीण असेल, तर वरून ते पंचवीस टक्के. एका दगडात दोन पक्षी, दोन्ही आपलेच.

यावर कोणीतरी ‘राणी’चं उदाहरण देतंच. गुवाहाटीजवळ राणी इथे राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र आहे. तिथे हॅम्पशायर आणि बंगालच्या घुंगरू जातीपासून याच नावाचं संकरित वाण तयार केलं. मग आम्ही संकरित नर का ठेवू नये? ठेवावा की, त्यांच्याइतक्या माद्या, वेगवेगळ्या बापांचे नर आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतील तर. एका वेतातलं एक देखणं पिल्लू म्हणजे वाण नव्हे.

आमच्या शेडवर जन्मलेला एकही नर नर म्हणून राहत नाही. सगळे पहिल्या आठवड्यातच खच्ची. पोरी मात्र घरच्याच ठेवतो. दोन नर, दोन्ही शुद्ध आणि विकतचे, एक यॉर्कशायर आणि एक लँड्रेस. नियम एकच: बापाच्या जातीचा नर पोरीला नाही. यॉर्कशायरची पोर लँड्रेसकडे, लँड्रेसची यॉर्कशायरकडे. संकराचा जोर यात पूर्ण मिळत नाही, पण आलटून-पालटून दोन जाती वापरल्या तर दोन तृतीयांश टिकतो. आणि बाप-लेकीची गाठ आपोआप टळते, शेडवरच्या पोऱ्याला नातं आठवावं लागत नाही.

पण फट आहे. यॉर्कशायरची पोर लँड्रेसकडे गेली, तिला पोर झाली, तर ही नात पुन्हा यॉर्कशायरकडे येणार. म्हणजे आजोबाकडे, म्हणजे साडेबारा टक्के. म्हणून नराची मुदत ठरवायला हवी. नराने काम सुरू केलं की चार महिन्यांनी पोर जन्मते, आठ महिन्यांची झाली की भरवायला येते. एक वर्ष. नातीसाठी अजून एक. तेव्हा दोन वर्षं भरायच्या आत नर गेला पाहिजे, कितीही लाडका असला तरी. वजनाने तोवर तो अवघडही झालेला असतो, कोवळ्या माद्यांना झेपत नाही.

यातलं काहीही रंगावरून ओळखू येत नाही. यॉर्कशायर पांढरा, लँड्रेस पांढरा, आणि तांबड्या ड्युरॉक जातीचा नर यॉर्कशायर मादीला लावला तरी पिल्लं बहुतेक पांढरीच. कान थोडं सांगतात, यॉर्कशायरचे उभे आणि लँड्रेसचे डोळ्यांवर पडलेले, पण संकरात ते मधेच कुठेतरी असतात. म्हणून आम्ही कानालाच बोलायला लावतो. जन्मल्यावर एक-दोन दिवसांत कडेला खाचा पाडायच्या. डुकराचा उजवा कान वेताचा नंबर, डावा त्या वेतातल्या पिल्लाचा. प्रत्येक जागेची किंमत ठरलेली: एक, तीन, नऊ, सत्तावीस. उजव्या कानावर नऊ, तीन आणि एकच्या जागी एकेक खाच असेल तर वेत तेरावं. डाव्यावर तीनची एक आणि एकच्या दोन, म्हणजे पिल्लू पाचवं. कानातला बिल्ला कुंपणाला अडकून पडतो, खाच राहते. वहीत तेरावं वेत काढलं की आई, बाप, भरवल्याची तारीख, सडांची संख्या सगळं सापडतं. बारा चांगले सड नसलेली पोर आम्ही ठेवत नाही, बाप कोणीही असो.

बाहेरचं रक्त आणायचं, तर बाहेरचा रोगही येऊ शकतो. गायीचं बरं आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये याच उरुळी कांचनला ‘बाएफ’ ही संस्था उभी केली, आणि आज फोन केला की गोठवलेल्या वीर्याची कांडी टाकायला माणूस मोटरसायकलवर दारात. डुकराच्या वीर्याला गोठवणं तितकंसं सोसत नाही. ते पातळच, सतरा अंशांच्या आसपास ठेवून काही दिवसांत वापरावं लागतं. आमच्या आसपास तशी सोय नाही, त्यामुळे जिवंत नर आणण्याला पर्याय नाही. आणि २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर आसामात आल्यापासून जिवंत डुक्कर आणणं म्हणजे जोखीमच. इलाज नाही, शेड रिकामी होते. म्हणून वस्त्यांवर नर फिरवायची जुनी पद्धत दादाने बंद केली. ना आमचा नर बाहेर, ना दुसऱ्याची मादी आमच्याकडे. आठवडे बाजारातून तर काहीच नाही. नवा नर आला की महिनाभर शेताच्या दुसऱ्या टोकाला, त्याची बादली वेगळी, त्याच्याकडे जाणारे गमबूट वेगळे. क्लासिकल स्वाइन फीवर हा वेगळा रोग, त्याची लस टोचलेली असावीच लागते. काही लोक याच भीतीने नर बदलायचं टाळतात आणि वर्षानुवर्षं घरातच लग्नं लावतात. मला हा सौदा पटत नाही. दोन वर्षांत दोन जनावरं, माहितीच्या फार्मवरून, महिनाभर वेगळी ठेवून, एवढी जोखीम घेण्यासारखी आहे. कारण परक्या नराने एक मोठं काम होतं: आई कितीही नात्यातली असली, तरी तिच्या त्या वेतातल्या पिल्लांचा आकडा शून्यावर येतो. तिचं स्वतःचं दूध आणि पिल्लांची संख्या काही लगेच सुधारत नाही, ते तिच्या पोरींत दिसतं.

सध्या वाद ड्युरॉकचा आहे. दादाला तिसरा नर ड्युरॉक हवाय, विक्रीच्या पिल्लांची वाढ चांगली होते म्हणून. माझं म्हणणं, आणू, पण ज्यांच्या पोरी ठेवायच्या नाहीत अशा म्हाताऱ्या माद्यांनाच तो लावायचा आणि त्याची सगळी पिल्लं बाजारात. नाहीतर दोन वर्षांत शेडवर तीन रक्तांची खिचडी होईल आणि नियम सांगायला मीच हवी. तिसऱ्या नराचं खाद्य रोजचं दोन-अडीच किलो. तो खर्च किती वेतांत निघेल ते मांडून दिलंय. दादा म्हणतो, “आधी फार्म तर बघून येऊ.” मी म्हटलं, जा, पण तिथल्या वह्या बघून ये, डुकरं नंतर.