रोज दोन चमचे

वेळ अमावस्येला लातूर शहर रिकामं होतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी ज्याचं शेत आहे तो शेतात जातो आणि ज्याचं नाही त्याला कोणीतरी बोलावून नेतं. दुकानं बंद, मेडिकल बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्हीही औशाकडच्या आमच्या रानात होतो. कडब्याच्या खोपीतली पूजा, भज्जी, उंडे, वर आंबील, सगळं होऊन उन्हं कलली होती. तेवढ्यात आबांचा फोन आला.

"मॅडम, कुकी लई थरथरायलीय. सकाळधरनं मांडी सोडंना गेलीय. वाकळीत घेऊन बसलोय, तरी थंडी जाईना गेलीय तिची."

मी पटापट विचारलं. पिल्लं किती दिवसांची झाली? एकोणीस. किती आहेत? चार. चालते कशी? "ताठ चालायलीय, लाकडाच्या पायानं चालल्यावानी." जीभ बाहेर काढून धापा टाकत होती आणि दुपारपासून पिल्लांकडे बघतही नव्हती.

"आबा, वाकळ काढा. आत्ता काढा. पिल्लं बाजूला करा, तिला खाली उघड्या फरशीवर ठेवा आणि लगेच दवाखान्यात आणा. मी निघाले."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. थरथरणाऱ्या जिवाची वाकळ काढायची, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

कुकी शित्झू जातीची छोटी कुत्री. आबांच्या मुलाने पुण्यात हौसेने घेतली, मग त्याच्या घरी बाळ आलं आणि 'सहा महिन्यांसाठी' म्हणून तिला लातूरला आणून सोडलं. त्याला आता तीन वर्षं झाली. माझ्याकडे येणाऱ्या छोट्या जातीच्या कुत्र्यांपैकी कितीतरी अशीच आलेली आहेत: मुलांनी पुण्या-हैदराबादला घ्यायची आणि आई-वडिलांनी इथे सांभाळायची. याचा मला राग येतो. आणि त्याच आई-वडिलांच्या मांडीवर ती कुत्री बघितली की तो राग टिकतही नाही.

आबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. कुत्र्याने उंबऱ्याच्या आत यायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम होता. कुकीने तो पंधरा दिवसांत मोडला. दुपारी ते आडवे झाले की ही पोटावर चढून झोपायची, संध्याकाळी ओट्यावर बसले की मांडीवर. या जातीचं रक्तच तसं आहे. शित्झूच्या चिनी नावाचा अर्थ 'सिंह-कुत्रा', पण पिढ्यान् पिढ्या चिनी राजवाड्यात ही जात वाढवली ती माणसाच्या अंगाशी राहण्यासाठीच. तिच्यासारखाच दिसणारा ल्हासा अप्सो तिबेटी मठांत आणि घरांत राखणीला असायचा, म्हणून तो परक्यावर भुंकतो. शित्झू परक्याच्याही मांडीवर जाऊन बसते. पग, माल्टीज, आपण सगळेच ज्याला 'पॉम' म्हणतो तो, आणि तो बहुतेक वेळा खरा पॉमेरेनियन नसून इंडियन स्पिट्झ असतो, हे सगळे कमी-अधिक असेच. आमच्या पेशात काहीजण याला श्रीमंतांचे लाड म्हणतात. त्यांनी आबांच्या घरी एक दुपार काढावी. २०१५ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं, की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे जास्त वेळ बघत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. म्हैस पान्हावते ती याच ऑक्सिटोसिनमुळे. रेडकू अंगाशी आलं की म्हशीला जे होतं, त्यातलंच काहीतरी कुकी मांडीवर चढली की आबांना होत असणार.

मी दवाखान्याचं शटर उघडलं तेव्हा आबा-माई रिक्षातून उतरत होते. कुकी आबांच्या छातीशी होती. वाकळ काढली होती, पण तिच्याऐवजी शाल आली होती. माझा मदतनीस त्याच्या गावी, शेतात. टेबलावर ठेवल्यावर कुकी एका कुशीवर कलंडली. चारही पाय ताठ, मान मागे, जबडा करकचून आवळलेला, अंगभर बारीक थरथर आणि मधूनच मोठा झटका. ताप १०६.८. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर ठोके मोजता येईनात. आणि एवढ्यातही ती तोंड आबांच्या काखेत खुपसायला बघत होती.

मी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. हात बसला तो देवणी गाईंवर आणि म्हशींवर. पहिली काही वर्षं खेड्यांतच गेली. व्यायल्यावर एक-दोन दिवसांत गाय खाली बसते, मान वळवून बरगडीवर टाकते, कान गार पडतात, अंग गार पडतं. तो दुग्धज्वर. नावात ज्वर आहे, पण गाईला ताप नसतो. रक्तातलं कॅल्शियम एकदम दुधात उतरलेलं असतं. शिरेतून ४५० मिलीची कॅल्शियमची बाटली सावकाश दिली की थोड्या वेळात गाय ढेकर देते, लघवी करते आणि उठून उभी राहते. शेतकऱ्याच्या घरचा चहा त्या दिवशी फार गोड लागतो.

कुत्रीत तेच कॅल्शियम कमी पडतं आणि चित्र नेमकं उलटं दिसतं. गाईमध्ये मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही, म्हणून गाय लुळी पडते. कुत्रीत मज्जातंतूच आवरेनासे होतात, निरोपामागून निरोप सुटत राहतो, स्नायू आखडतात आणि त्या आखडण्यातूनच अंग भट्टीसारखं तापतं. छोटी जात, पिल्लं जास्त, वीण होऊन दोन-तीन आठवडे झालेले, दूध भरात आलेलं: कुकीचं सगळं जुळत होतं. आणि या तापणाऱ्या अंगावर दिवसभर वाकळ होती.

लुळ्या गाईची मानेची शीर बोटाएवढी असते. थरथरणाऱ्या पावणेपाच किलोच्या कुत्रीची पुढच्या पायातली शीर शिवणाच्या दोऱ्याएवढी, तीही लांब केसांखाली. मशीनने केस काढले, स्पिरिट लावलं, २४ नंबरची कॅन्युला हातात घेतली आणि आबांना म्हटलं, "कोपर असं मागून धरा, अंगठ्याने शीर दाबा आणि हलू देऊ नका." ज्या हातांनी तीसेक वर्षं स्टेअरिंग धरलं, ते हात जराही हलले नाहीत. पहिल्या वेळी शीर सरकली. दुसऱ्या वेळी कॅन्युलात रक्त दिसलं. माईंना ओला टॉवेल तिच्या पोटावर आणि मांड्यांमध्ये ठेवायला सांगितला.

कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, ५ मिली, तेवढ्याच सलाईनमध्ये मिसळून. बघायला दोन घोट पाण्याएवढं औषध, पण ते घाईने दिलं तर हृदय थांबतं. म्हणून एका हाताचा अंगठा सिरिंजच्या दांड्यावर, दुसऱ्या हातात स्टेथोस्कोप, आणि पंधरा मिनिटं कानात फक्त ठोके. कोणी बोलायचं नाही, असं मी आधीच सांगितलं होतं. निम्मं औषध गेलं आणि ठोके अचानक संथ झाले, एक चुकलाही. मी अंगठा उचलला. आबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी कान लावून थांबले. अर्धा मिनिट, एक मिनिट. ठोके पुन्हा लयीत आले तेव्हा पुढचं औषध सुरू केलं, आणखी सावकाश.

सगळ्यात आधी जबडा सुटला. जीभ थोडी बाहेर आली. मग कानाच्या मुळाशी चाललेली फडफड थांबली, मग मागचे पाय सैल झाले आणि टेबलावर लघवीचं छोटं तळं झालं. मला ती देवणीच वाटली. ताप १०३.२ वर आला तशी मी ओला टॉवेल काढून घेतला. तेव्हा नाही काढला तर ताप उतरता उतरता फार खाली जातो. दहाएक मिनिटांनी कुकीने मान वर केली, इकडेतिकडे बघितलं आणि टेबलाच्या कडेला, आबांच्या बाजूला सरकायला लागली. सलाईन लागलेलं होतं, म्हणून मी उचलू दिलं नाही. आबांनी मग खुर्ची ओढली आणि हनुवटी टेबलावर टेकवून तिच्या नाकाशी नाक लावून बसले.

"अमावस्या हाय म्हणून शेजारीण म्हणली बाहेरचं असंल," माई म्हणाल्या. "मीठ-मोहऱ्या उतरवल्या मी." त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यात दोन मिनिटं गेली. दिवस गेला तो मांडीवर. थरथर म्हणजे थंडी, अंगाला चिकटणं म्हणजे लाड, असंच कोणालाही वाटेल. जे कुत्रं एरवी चिकटत नाही ते चिकटायला लागलं तर घरातलं माणूस घाबरतं. कुकी रोजच चिकटते. तिचं दुखणं तिच्या मायेत लपलं.

मग मी कागदावर लिहून देत म्हटलं, "दुधातून कॅल्शियम गेलं, रक्तात कमी पडलं."

माई एकदम म्हणाल्या, "कमी कसं पडंल, मॅडम? पोटुशी होती तवापासून रोज दोन चमचे दिलंय की. एक दिवस चुकवलं न्हाई."

गाभण कुत्रीला कॅल्शियमचं सिरप देणं हीच मोठी चूक. पिल्लं विकणारे ते देतात, मेडिकलवाला कुत्र्याला न बघता देतो आणि आमच्यातलेही काहीजण चिठ्ठीवर लिहितात. माईंना कसं सांगावं, मला सुचेना. मी म्हटलं, दारात रोज टँकर यायला लागला की आडावरची रहाट कोणी ओढत नाही. रहाट गंजते. मग एक दिवस घरात पाहुणे येतात, टँकरचं पाणी पुरत नाही, आणि आडात पाणी असूनही वर काढता येत नाही. हाडांत कॅल्शियम भरपूर असतं, गरज लागेल तसं ते रक्तात काढणारी ग्रंथी शरीरातच असते. बाहेरून रोज मिळालं की ती ग्रंथी सुस्तावते. २०१६ साली ज्या लातूरकरांनी मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं, त्यांना टँकर आणि आड वेगळं समजावावं लागत नाही. माईंना लगेच कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता पदर तोंडाला लावला.

मला ते बघवलं नाही. त्या गप्प झाल्या याचं दुःख तर होतंच, पण त्याहून मोठं कारण होतं. पिल्लं होण्याच्या महिनाभर आधी माई कुकीला तपासायला घेऊन आल्या होत्या. पोट चाचपून मी पिल्लं आहेत म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. एकदा तरी तिला पिल्लं व्हायला हवीत, असा त्यांचाच हट्ट होता. एक वीण झाल्याशिवाय नसबंदी करू नये, हा समज लोकांच्या डोक्यातून काही केल्या जात नाही. जाताना त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि पैसे काढायला रुमाल, चष्मा, जंताच्या गोळ्यांची पट्टी, एकेक वस्तू बाहेर काढली. त्यात गुलाबी सिरपची बाटली होती. मला लेबल वाचता आलं. मी वाचलं. बाहेर विषबाधा झालेला लॅब्रॅडॉर ओरडत होता, माझं लक्ष तिकडे होतं. माईंनी बाटली परत पिशवीत ठेवली आणि त्या गेल्या.

"माई, हे आत्ता देऊ नका, वीण झाल्यावर बघू." एवढंच बोलायचं होतं.

त्या रात्री कुकीला घरी सोडलं. पिल्लांना एक पूर्ण दिवस तिच्यापासून तोडायचं आणि पुढेही बहुतेक बाटलीवरच वाढवायचं ठरलं. निव्वळ गाईचं दूध चालत नाही, कुत्रीच्या दुधात त्याच्या दुपटीहून जास्त प्रथिनं आणि स्निग्धांश असतो, म्हणून पिल्लांच्या दुधाची पावडर दिली. कुकीला आता, दूध चालू असेपर्यंत, तोंडाने कॅल्शियम. तेच औषध, फक्त वेळ वेगळी. दूध आटल्यावर नसबंदी, कारण पुढच्या विणीला हे पुन्हा होऊ शकतं. हे सगळं माईंनी दोनदा विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मी वाट वाकडी करून त्यांच्या घरी डोकावले. पिल्लांनी ओढू नये म्हणून माईंनी आबांच्या जुन्या खाकी शर्टाची बाही कापून कुकीच्या पोटावर चढवली होती, पायांसाठी चार भोकं पाडून. आबा मांडी घालून बसले होते, एका मांडीवर कुकी, दुसऱ्या मांडीवर रुमालात पिल्लू, आणि ते सिरिंजने थेंब थेंब दूध पाजत होते. "आता थरथरली का आधी खाली ठिवतो, मॅडम," ते मला बघताच म्हणाले. "पोटाला हात लावून बघतो, ताप हाय का." माई आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं नाही. मला वाटतं, त्या मनात स्वतःलाच दोष देत आहेत आणि मी त्यांना तसा देऊ देतेय.

शनिवारी पिल्लं सहा आठवड्यांची होतील. पहिल्या लशीला आणणार आहेत. आबांनी फोनवर विचारलं, माईंचे गुडघे दुखतात, मी एकटाच टोपलीतून घेऊन येऊ का? मी म्हटलं, माईंनाही आणा. मला त्यांना त्या बाटलीचं सांगायचंय.