काकांनी आज बटणं लावली
आज फिजिओथेरपीच्या खोलीत एका काकांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. बराच वेळ गेला, कपाळावर घाम आला. काकू मदतीला सरसावल्या, तर त्यांनी मानेनंच 'नको' म्हटलं. मला भरून आलं. हेच काका मध्यंतरी व्हेंटिलेटरवर होते.

आजार जीबीएस, म्हणजे गिलियन-बारे सिंड्रोम; यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर (मज्जातंतूंवर) हल्ला करते. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव भागात रुग्ण वाढले, तेव्हा हे नाव पुण्यात घरोघरी पोचलं. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. बहुतेकांना तो थोडे दिवस जुलाब देतो आणि जातो. पण त्याच्या आवरणावरची साखरेची रचना आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड या साखर जोडलेल्या मेदाशी मिळतीजुळती असते. त्यामुळे क्वचित कुणाची प्रतिकारशक्ती जंतूला मारता मारता स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. आधी पायांत मुंग्या, मग जिना चढवत नाही, आणि काहींचे श्वासाचे स्नायूही थकतात.

इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं) देणं किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं, हेच खरे उपचार. स्टिरॉइड इथे कामाला येत नाहीत. नसेचा आतला तंतूच तुटला असेल, तर तो दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. म्हणून नातेवाईकांनो, 'अजून चालत कसे नाहीत?' असं पेशंटला कृपया विचारू नका.

आणि जुलाब थांबल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत पायांतली ताकद कमी वाटली, तर 'अशक्तपणा असेल' म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.