काळी पडलेली कड: लेट्यूस, कॅल्शियम आणि पाण्याची वाट

तयार होत आलेला लेट्यूसचा गड्डा उभा मधोमध कापा. बाहेरची पानं हिरवीगार, तजेलदार असतात. आत शेंड्यालगत एक-दोन सेंटिमीटरची पानं असतात, त्यांच्या कडेकडे भिंगातून बघा. कड आधी पाणचट, काचेसारखी होते, मग तपकिरी, मग काळी. कडेची वाढ थांबलेली असते आणि मधला भाग वाढतच असतो, त्यामुळे पान वाटीसारखं आत वळतं. हा टिपबर्न. बंदिस्त खोलीत दिव्यांखाली लेट्यूस घेणाऱ्यांना हा विकार फार छळतो. पीक शरीरक्रियाशास्त्र शिकवायला मात्र याच्याइतका चांगला धडा दुसरा नाही, कारण प्रकाश, हवा, पाणी, मुळं आणि अन्नद्रव्यं ही सगळी या एका कडेवर येऊन भेटतात.

पुस्तकात याच्यापुढे ‘कॅल्शियमची कमतरता’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून माणूस काय करतो? मुळांना खत-पाणी पुरवणाऱ्या द्रावणाच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट वाढवतो. आणि टिपबर्न तसाच राहतो, कधी वाढतोसुद्धा. पानाच्या कडेत कॅल्शियम कमी आहे हे खरंच आहे. पण टाकीत ते बहुतेक वेळा पुरेसं असतं. हॉगलंड आणि आर्नन यांचं मातीविना रोपं वाढवायचं पोषक द्रावण प्रयोगशाळांत आजही वापरतात, त्याच्या दोन प्रकारांत लिटरमागे १६० आणि २०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढं लेट्यूसला पुरतं. कमी पडते ती पानापर्यंतची वाहतूक.

कॅल्शियम झाडात फक्त पाण्याबरोबर, जलवाहिन्यांतून वर चढतं. रसवाहिन्यांतून ते जवळपास हलतच नाही. नत्र किंवा पालाश कमी पडलं तर झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं. कॅल्शियमच्या बाबतीत ही सोय नाही. ज्या पानातून पाणी जास्त उडतं तिकडे ते जातं आणि तिथेच अडकून बसतं. बाहेरचं मोठं पान दिवसभर बाष्पोत्सर्जन करतं, त्याला गरजेपेक्षा जास्त मिळतं. आतलं कोवळं पान चहूबाजूंनी झाकलेलं, भोवतीची हवा साचलेली आणि दमट, म्हणून तिथून पाणी उडत नाही. आणि गरज नेमकी त्यालाच सर्वांत जास्त, कारण नव्या पेशींच्या भिंती सांधणारं पेक्टिन आणि पेशींची आवरणं कॅल्शियमवाचून टिकत नाहीत. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं तेही याच कारणाने: फळाच्या सालीवर पर्णरंध्रं जवळजवळ नसतात, पाणी पानांकडे पळतं.

एवढं कळलं की फवारणीचं उत्तरही कळतं. कॅल्शियम क्लोराइड फवारलं तर ते जिथे पडलं तिथेच राहतं. मोकळ्या पानांच्या वाणात, शेंडा उघडा असताना, नेम धरून फवारलं तर थोडा उपयोग होतो. गड्डा मिटल्यावर नाही.

आधी पानाचं तापमान

पाणी किती उडेल हे ठरवणारी ओढ म्हणजे बाष्पदाब तूट, म्हणजेच व्हीपीडी: पानातल्या आणि हवेतल्या वाफेच्या दाबांतला फरक. हवेचं तापमान आणि आर्द्रता यांवरून ती काढतात आणि तिथेच पहिली चूक होते. पानाच्या आतली हवा पानाच्या तापमानाला संपृक्त असते. त्यामुळे संपृक्त दाब पानाच्या तापमानावरून घ्यायचा आणि हवेतली वाफ हवेच्या आकड्यांवरून.

संपृक्त बाष्पदाब किलोपास्कलमध्ये असा: २० अंश सेल्सिअसला २.३४, २२ ला २.६४, २४ ला २.९८, २६ ला ३.३६. आता हवा २४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के धरा. हवेतली वाफ २.०९ किलोपास्कल. हवेवरून काढलेली तूट ०.८९. पण पान २६ अंशाला असेल तर खरी ओढ १.२७ होते आणि २२ ला असेल तर ०.५५. भिंतीवरच्या मापकात काहीच बदललेलं नाही आणि झाडाला लागणारी ओढ मात्र दुपटीहून जास्त फरकाची. उन्हातल्या हरितगृहात, वारा नसताना, पान हवेपेक्षा गरम असतं. एलईडीखाली चांगलं बाष्पोत्सर्जन करणारं पान अनेकदा थंड असतं. विद्यार्थ्यांकडून हा हिशेब कागदावर, हाताने करून घ्यावा. ॲपमधला तयार आकडा बघून ही गोष्ट डोक्यात बसत नाही.

पानाचं तापमान इन्फ्रारेड मापकाने घेताना अंतर सांभाळा. १२ ला १ प्रमाणाचं यंत्र ६० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरचं वर्तुळ मोजतं. म्हणजे लहान रोपावर धरलं तर पानाबरोबर खालचा ट्रेही मोजला जातो. जवळून, तिरकं धरून, यंत्रावरची उत्सर्जकता (पृष्ठभाग उष्णता किती बाहेर टाकतो ते माप) ०.९५ ते ०.९८ ठेवून घ्या. आर्द्रतामापकही तपासल्याशिवाय वापरू नका. हवाबंद बरणीत साधं मीठ पाण्याने जेमतेम ओलं करून ठेवा, त्यावर मापक मिठाला न टेकता लटकवा आणि रात्रभर २५ अंशांच्या आसपास राहू द्या. आकडा ७५ टक्के यायला हवा. ३ टक्क्यांची चूक क्षुल्लक वाटते, पण २४ अंश आणि ८५ टक्क्यांना तूटच मुळात ०.४५ असते आणि ही चूक ०.०९ ची, म्हणजे पाचवा हिस्सा. मापक थेट दिव्याखाली किंवा उन्हात टांगलेला असेल तर बाकीची सगळी मेहनत वाया. त्याला पांढरं आवरण आणि आतून हवा खेचणारा छोटा पंखा हवाच.

रात्रीचं काम

आतल्या पानाला कॅल्शियम पोहोचवायचे दोन मार्ग आहेत. एक, तिथली साचलेली हवा हलवून तिथूनही पाणी उडेल असं करणं. दुसरा मार्ग मूलदाबाचा, आणि वर्गात तो फार कमी वेळ मिळवतो.

अंधारात पर्णरंध्रं बरीचशी मिटतात. मुळं मात्र क्षार जलवाहिन्यांत ढकलत राहतात, त्यांच्यामागे पाणी आत येतं आणि दाब तयार होतो. बाष्पोत्सर्जनाची ओढाताण नसल्यामुळे हे पाणी आतल्या मिटलेल्या पानांपर्यंतही पोहोचतं. याची खूण पहाटे दिसते: दिवे लागण्याआधी टॉर्च घेऊन गेलात तर पानांच्या कडेवर, दातेऱ्यांच्या टोकांवर, एकसारखे टपोरे थेंब उभे असतात. हे दव नव्हे. दव पानभर पसरलेलं असतं. हे थेंब फक्त कडेच्या जलरंध्रांतून आलेले असतात. याला बिंदुस्राव म्हणतात. थेंब दिसले तर मूलदाब चालू आहे असं समजा. सलग चार-पाच दिवस दिसले नाहीत तर टिपबर्नची वाट बघत बसू नका, कारण शोधा.

कारणं साधारण तीन. रात्रीची हवा फार कोरडी असणं हे पहिलं; रात्री तूट ०.२ ते ०.४ किलोपास्कल असावी, म्हणजे २० अंशाला आर्द्रता ८८ टक्के असेल तर ०.२८. दुसरं, द्रावणाची ईसी, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणारी विद्युतवाहकता, जास्त असणं. मूलदाब हा परासरणाचा खेळ आहे. बाहेरचं द्रावण जितकं खारट तितकं पाणी आत यायला कष्ट. लेट्यूसला १.२ ते १.८ मिलिसीमेन्स पुरतात. टाकीत कॅल्शियम वाढवल्यावर टिपबर्न वाढतो तो इथे. तिसरं, मुळांना प्राणवायू नसणं. क्षार ढकलायला ऊर्जा लागते आणि ती श्वसनातून येते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपृक्त अवस्थेत २० अंशाला लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम, २५ ला ८.३ आणि ३० ला ७.६. तापमान वाढलं की साठा घटतो आणि मुळांची भूक वाढते, शिवाय मुळं कुजवणाऱ्या पिथियमला आमंत्रण. द्रावण २० ते २२ अंशांत ठेवा.

रात्रीची आर्द्रता वाढवताना एक धोका विसरू नका. २४ अंश आणि ७० टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू सुमारे १८ अंश असतो. दिवे बंद झाल्यावर एखादी भिंत, पाइप किंवा पान तिथवर थंडावलं की पाणी साचतं आणि करडी बुरशी येते. म्हणून आर्द्रता वाढवा, पण पंखे बंद करू नका.

मूलदाब प्रत्यक्ष दाखवायचा असेल तर टोमॅटोचं सशक्त रोप घ्या. अंधारकाळ संपायच्या सुमारास खोड माध्यमापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धारदार पात्याने कापा, काप टिपून घ्या आणि त्यावर घट्ट बसणारी पारदर्शक नळी चढवा. रस वर चढताना दिसतो. दुसऱ्या रोपाच्या द्रावणातली हवा आदल्या संध्याकाळी बंद करून ठेवलेली असली की फरक सांगावा लागत नाही. याच्या जोडीला मुळं कापलेला लेट्यूसचा गड्डा खाण्याच्या निळ्या रंगाच्या पाण्यात पंख्याखाली ठेवा. बाहेरच्या पानांच्या शिरा आधी निळ्या होतात, आतल्या फिक्याच राहतात. ‘मग रात्री झाकून ठेवलं तर आतली रंगतील का?’ असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. विचारला पाहिजे. उत्तर त्या कापलेल्या बुडख्यात आहे: मुळंच नाहीत, तर दाब कुठून येणार?

हवा आणि प्रकाश

१९९२ साली गोतो आणि ताकाकुरा यांनी आतल्या पानांवर थेट हवा सोडून टिपबर्न रोखता येतो हे दाखवलं. त्याचं व्यवहारातलं रूप म्हणजे वरून खाली, शेंड्यावर येणारा झोत. आडवी हवा दाट पानांवरून नुसती सरकून जाते. शेंड्याच्या उंचीवर सेकंदाला ०.३ ते ०.५ मीटर एवढा वेग पुरतो, आणि तो तप्त तारेच्या मापकाने मोजा. पंखाचक्र असलेलं यंत्र एवढ्या मंद हवेत नीट फिरतच नाही आणि शून्य दाखवतं.

प्रकाशाचा संबंध वाढीच्या वेगाशी आहे. दिवसभराचा एकूण प्रकाश, म्हणजे डीएलआय, हा पीपीएफडी (चौरस मीटरला सेकंदाला पडणारा, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश, मायक्रोमोलमध्ये) गुणिले तास गुणिले ३६००, भागिले दहा लाख. २५० मायक्रोमोल १६ तास दिले तर १४.४ मोल. डीएलआय वाढवला की वजन वाढतं, पण कॅल्शियमचा पुरवठा त्याच वेगाने वाढत नाही. हवेचा झोत नसेल तर १७ मोलच्या मागे लागू नका. काढणीआधीच्या शेवटच्या आठवड्यात १२-१३ वर उतरा आणि दोन-तीन दिवस उशीर पत्करा. माझ्या मते काळ्या कडेचा वजनदार गड्डा घेण्यापेक्षा हा सौदा केव्हाही बरा. प्रकाश लक्समीटरने मोजू नका. लक्स माणसाच्या डोळ्याला हिरवा जास्त दिसतो त्या हिशेबाने बनलेलं माप आहे. तांबड्या-निळ्या दिव्याखाली ते भलतंच कमी दाखवतं.

खरी कमतरता कधीच नसते असं मात्र नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेटची खतं एकाच संहत टाकीत पडली की जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा गाळ बसतो. म्हणूनच अ आणि ब टाक्या वेगळ्या. ईसीमापक एकूण क्षार सांगतो, त्यात कॅल्शियम किती ते नाही. टाकीच्या तळाशी हात घालून बघा. अमोनियम जास्त असेल तरी कॅल्शियमचं शोषण घटतं, ते एकूण नत्राच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा.

प्रयोग मांडताना

विद्यार्थ्यांच्या प्रबंधात सर्वांत जास्त आढळणारा दोष आकडेमोडीत नसतो, मांडणीत असतो. एका खोलीत पंखा, दुसऱ्या खोलीत नाही, प्रत्येकीत ४० रोपं. मग लिहितात, पुनरावृत्ती ४०. ती ४० नाही, एक आहे. पंखा खोलीला दिलाय, रोपाला नाही, आणि खोल्यांत इतरही फरक असतातच. खोल्या कमी असतील तर त्याच खोल्यांत उपचार आलटून पालटून तीन-चार वेळा पीक घ्या. वेळ जातो, पण दुसरा रस्ता नाही. दर २० सेंटिमीटरवर पीपीएफडी मोजून प्रकाशाचा नकाशा काढा. कडेला तो मध्यापेक्षा सहज २० ते ३० टक्के कमी भरतो. कडेच्या ओळी वाढवा, पण मोजमापात धरू नका.

बाष्पोत्सर्जनासाठी महागडं यंत्र लागतंच असं नाही. कुंडीचं तोंड प्लास्टिकने बंद करून, फक्त खोड बाहेर ठेवून, दर १० मिनिटांनी वजन घ्या. ०.१ चौरस मीटर पानं असलेलं रोप, चौरस मीटरला सेकंदाला १ मिलिमोल या वेगाने, तासाला सुमारे ६.५ ग्रॅम पाणी सोडतं; दहा मिनिटांत जेमतेम एक ग्रॅम. म्हणून काटा ०.१ ग्रॅमचा हवा आणि वजन घेताना पंखा क्षणभर बंद, नाहीतर झोताचाच दाब काट्यावर येतो.

टिपबर्नची नोंद वरून बघून करू नये. गड्डा कापायचा, पानं बाहेरून आत क्रमाने मोजायची आणि कितव्या पानापासून कड बिघडली ते लिहायचं. वरून काळी कड दिसते तेव्हा इजा होऊन बरेच दिवस झालेले असतात, पान शेंड्यात दडलेलं असतानाच ती झालेली असते. पानं किती दिवसांनी एक अशी निघताहेत हे रोपावर खूण करून आधीपासून मोजलेलं असेल, तर बिघडलेल्या पानाच्या क्रमांकावरून मागे जाता येतं आणि त्या दिवसांची रात्रीची आर्द्रता, ईसी आणि पंख्याची नोंद उघडून बघता येते.